भोईटे मास्तरांचे तीन प्रश्न

गेल्या महिन्यात बारामतीच्या एका कॉलेजातली मुलगी आमच्या स्टेशनात आली. खांद्याला सॅक, हातात कागदांचा गठ्ठा. अभ्यासाचा विषय होता, रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कामकाजी जीवनाचा दर्जा आणि त्याचा कामगिरीवर होणारा परिणाम. मी तिकीट खिडकीत बसतो, आणि आमच्याकडं तिकीट घेणारे इतके थोडे की या अभ्यासाला माझ्याइतका मोकळा माणूस जिल्ह्यात मिळाला नसता. प्रत्येक प्रश्नापुढं चौकटी होत्या. पूर्ण समाधानीपासून सुरुवात आणि पूर्ण असमाधानी हा शेवट. मी सगळीकडं मधल्या चौकटीत खूण करत गेलो. सरकारी नोकरीत मधली चौकट अजून कुणाला बाधलेली नाही.

एका प्रश्नाशी मात्र अडलो. 'तुमचे वरिष्ठ तुमची विचारपूस करतात का?' मी पेन खाली ठेवलं. मुलीला वाटलं प्रश्न कळला नाही, म्हणून ती समजावून सांगायला लागली. मी म्हटलं, "प्रश्न कळला. उत्तर रिटायर झालंय."

ते उत्तर म्हणजे भोईटे मास्तर.

स्टेशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात एकदोन गोष्टी अशा आहेत की त्या कुणाच्या तरी फायलीत अजून जिवंत असतील. इंदापूर तालुक्यात, सोलापूरच्या लाइनीवर, उजनीचं पाणी जिथं उसाच्या बांधापर्यंत येतं तिथं कुठंतरी ते आहे एवढं पुरे. थांबणाऱ्या गाड्या कमी, न थांबता जाणाऱ्या जास्त. हिवाळ्यात पुण्याची माणसं लांबलचक कॅमेरे घेऊन फ्लेमिंगो बघायला येतात आणि आमच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून पाणी कुठल्या बाजूला आहे ते विचारतात. मास्तर त्यांना हातानं दिशा दाखवायचे आणि वर सांगायचे, "आधी काहीतरी खाऊन घ्या. पक्षी कुठं जात न्हाईत."

ज्ञानदेव भोईटे, गाव सणसर, घर जळोचीत. रोज जुन्या स्कूटरवरून यायचे. ठेंगणे, अंगानं भरलेले, डोक्याला टक्कल. चेहऱ्यावर भाव नसायचेच. सिग्नल बिघडला तरी तोच चेहरा, बोनस जाहीर झाला तरी तोच. मी बदलून आलो त्या दिवशी ते माठ विसळत होते. माझा कागद त्यांनी ओल्या हातानं घेतला, बाजूला ठेवला आणि विचारलं,

"जेवला का?"

"हो."

"रात्री झोपला का?"

"हो."

"भांडून आलाय का?"

बारामतीहून निघताना थोरल्या भावाशी वाजलं होतं, मोटारसायकल कुणी न्यायची यावरून. मी म्हटलं, "साहेब, ते घरचं आहे."

"मग बसा बाकावर. घरचं मिटवा, मग गल्ल्याची किल्ली देतो."

पहिला दिवस होता म्हणून ऐकलं. नाहीतर मी ऐकणारा नव्हे. दुपारपर्यंत मास्तरांनी स्वतः तिकिटं दिली आणि शेवटी माझ्या हातून नंबर घेऊन भावाला स्वतःच फोन लावला. "मी स्टेशन मास्तर बोलतोय, तुमच्या भावाबद्दल..." एवढं ऐकूनच भाऊ तिकडं मटकन खाली बसला. त्याला वाटलं, मला गाडीनं कापलं. मी जिवंत आहे म्हटल्यावर त्यानं मोटारसायकल मला देऊन टाकली. मास्तर म्हणाले, "ठीकाय," आणि किल्ली माझ्यापुढं ठेवली.

पुढं कळलं, हे सगळ्यांनाच होतं. पॉइंटमन गावडे, फाटकावरची सुनंदा खरात, दुसरे मास्तर पांडे, जो कोणी ड्युटीवर येईल त्याला हजेरीच्या आधी तीन प्रश्न. पांडे बिहारकडचे, तरुण, एकटे राहायचे. त्यांना मराठीतली पहिली तीन वाक्यं हीच आली. सुनंदाला मास्तर फाटकावर फोन करून विचारायचे. तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणायची, "भांडायला नवरा घरी पायजे ना मास्तर." तिचा नवरा उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि हंगामात घरी यायचाच नाही. मास्तर ते उत्तर चालवून घ्यायचे.

खोटं बोललेलं मात्र चालायचं नाही. न झोपता आलास तर सांग, दुसऱ्याला बोलावतो, तू जाऊन पड. त्याबद्दल कुणाला कधी शब्दानं बोलले नाहीत. पण झोपलो म्हणून सांगितलं आणि नंतर डुलकी सापडली, तर महिना महिना त्या माणसाशी बोलायचे नाहीत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हजर सगळेच असत्यात. जागं कोण हाय ते बघा."

आमच्या भागात हे सोपं नाही. इथला माणूस रेल्वेत लागला म्हणून ऊस सोडत नाही. आणि उसाला पाणी द्यायचं तर मोटारीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात गावडे पहाटेपर्यंत बांधावर पाण्याची दारं मोडत फिरायचा आणि सकाळी चिखलाचे पाय धुऊन हिरवा झेंडा घेऊन उभा राहायचा. सगळ्या देशातले रेल्वेवाले चुका करतात, पण ही चूक आमची खास. लाइट येते ती सोडायची कशी?

मास्तरांनी त्यावर उपाय काढला होता. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली रेल्वेचं ड्युटीपत्रक असायचं आणि त्याला लागून वीजवाल्यांचं. ज्या आठवड्यात गावडेच्या शिवारात रात्रीची लाइट, त्या आठवड्यात गावडेला दुपारची पाळी. ड्युटी लावायच्या आधी मास्तर लाइनमनला फोन करायचे, पाटाला पाणी कधी सुटतंय ते विचारायचे, आणि मग पेन उघडायचे. पाटाचं आवर्तन लांबलं की आमची पाळी बदलायची. मला ऊस नाही, एक गुंठा जमीन नाही, तरी माझी सुट्टी पाटाच्या पाण्यावर ठरायची. मी कुरकुर केली की म्हणायचे, "तुमाला जमीन न्हाय हा काय गावड्याचा दोष हाय का?"

हे खूळ कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, दोन गाड्यांच्या मधल्या निवांत वेळात, पेरू कापता कापता.

ते नवीन मास्तर होते तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या एका स्टेशनात. त्या वेळी रूळ बदलायची कळ पॉइंटमन हातानं ओढायचा. बबन म्हणून एक पॉइंटमन सकाळी कामावर आला तो डोळे लाल करून. मास्तरांनी ते डोळे पाहिले आणि गप्प बसले. त्यांना वाटलं, गुऱ्हाळावर धुरात बसला असेल. बबन रात्रभर पाणी धरून आला होता. त्यानं कळ अर्धवट ओढली आणि मालगाडीचे दोन डबे रुळावरून उतरले. कुणाला लागलं नाही. पण बबनची नोकरी गेली.

"आन् तुमचं?" मी विचारलं.

"चौकशीत मला इचारलं, हा माणूस झोपला न्हाय हे तुमाला म्हाईत होतं का? म्या म्हणलं, न्हाय. त्यांनी इचारलं, तुमी त्याला तसं काय इचारलं होतं का? म्या म्हणलं, न्हाय. मग मला सोडलं." त्यांनी पेरूची फोड माझ्यापुढं केली. "इचारलं न्हाय म्हणून मी वाचलो. इचारलं असतं तर बबन वाचला असता."

ते पेरू खात राहिले. माझी फोड हातातच राहिली. या माणसाबद्दल मला काय वाटतं ते मी तोवर ठरवलं नव्हतं. त्या दिवशी ठरलं.

आता साहेबांची गोष्ट. एका सकाळी गावडे बायकोशी कडाक्याचं भांडून आला. मुलीला शिकायला पुण्याला ठेवायचं की बारामतीला, यावरून. मास्तरांनी त्याला उलट पावली घरी पाठवलं, मिटवून ये म्हणून. आणि नेमका तेवढ्यात रूळ बदलायचा एक पॉइंट बिघडला. असा बिघडला की हँडल घालून हातानं फिरवायला माणूस लागतो. मास्तरांना टेबल सोडता येत नाही आणि माणूस तर गावात बायकोची समजूत काढत होता. एक्स्प्रेस सिग्नलबाहेर उभी. फोन केल्यावर गावडे मोटारसायकलवरून आला तो बायकोला मागं बसवूनच, कारण समजूत अर्धी राहिली होती. त्यानं पॉइंट फिरवला, बायको रुळाशेजारी उभी राहून बोलत होती, गाडीतले लोक खिडक्यांतून ऐकत होते. मुलगी पुण्याला जाणार हे गाडी सुटायच्या आत ठरलं.

गाडीला उशीर का झाला याचा खुलासा द्यावा लागतो. सगळे लिहितात, तांत्रिक बिघाड. मास्तरांनी लिहिलं, 'पॉइंटमन घरी भांडण मिटवण्यासाठी पाठवला होता.' मी हातापाया पडलो, बिघाडच लिहा म्हणून. म्हणाले, "बिघाड नंतर झाला."

आठवड्यात चौकशीला वरचे साहेब आले. उंच, इस्त्रीचे, रागावलेले. काचेखालचं वीजवाल्यांचं पत्रक पाहून आणखी रागावले. मास्तरांनी उभं राहून ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "साहेब, जेवला का?"

साहेब पहाटेच्या गाडीनं निघाले होते. जेवले नव्हते, आणि चेहऱ्यावरून झोपलेही नव्हते. तिसरा प्रश्न मास्तरांनी विचारला नाही, त्याचं उत्तर उघडच होतं. फाटकाचीही पाहणी करायची होती म्हणून मास्तर त्यांना तिकडंच घेऊन गेले. मी कागद धरायला मागं. सुनंदानं खोलीत उजनीचे चिलापी मासे तव्यावर टाकले होते. साहेब आधी नको म्हणाले, मग भाकरी किती झाल्या ते विसरले. वर ताक. ताक संपलं की मास्तर तांब्या पुढं करायचे आणि साहेब ग्लास पुढं करायचे. ऊन होतं, ताक चांगलं होतं.

जेवल्यावर साहेबांचा आवाज जरा खाली आला. "भोईटे, तुम्ही अनुभवी आहात. तुम्हाला एक सांगतो, माणसाला विचारत बसू नका. विचारलंत की ते तुम्हाला माहीत होतं असं होतं. मग येतं ते तुमच्यावर येतं. नाही विचारलं तर तुमच्यावर काही नाही."

"व्हय साहेब," मास्तर म्हणाले. "ते मला म्हाईत हाय."

थोडा वेळ गेला. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, बाथरूम कुठं आहे?

"हितं न्हाय साहेब."

"मग ही बाई कुठं जाते?"

"ती ड्युटीवर पाणी पित न्हाय," मास्तर म्हणाले.

सुनंदा तव्याकडं बघत होती. चारी बाजूंनी ऊस, पण उसात तोडणी चाललेली. फाटकाशी ट्रॅक्टरांची रांग, सगळे ड्रायव्हर साहेबांकडं बघत बसलेले. साहेब रुळाच्या कडेनं स्टेशनाकडं निघाले. आधी चालत आणि मग जरा पळत. पद असलेला माणूस खडीवरून पळताना मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढच्या महिन्यात दोन हुकूम एकाच पाकिटातून आले. एकात भोईटे मास्तरांची पगारवाढ रोखली होती. दुसऱ्यात फाटकावर शौचालय मंजूर झालं होतं. मास्तरांनी दोन्ही वाचले, दुसरा सुनंदाला वाचून दाखवला आणि पहिला घडी करून खिशात ठेवला. ताक मुद्दाम पाजलं होतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. ते खरं सांगतील अशी भीती होती.

सुनंदा पाणी पीत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं कसं? ते त्यांचं नव्हतं. ते त्यांच्या बायकोनं ओळखलं होतं. घरी ते एकदा म्हणाले की फाटकावरच्या पोरीचं डोकं सारखं दुखतं, तेव्हा शालनकाकूंनी विचारलं, "तितं जायाला जागा हाय का?"

शालनकाकूंना मी पहिल्यांदा भेटलो ते जळोचीत, त्यांच्या घरी. मास्तर रात्रीची पाळी करून झोपले होते आणि मला एका कागदावर सही हवी होती. मी फाटक उघडलं तर ओट्यावर बसलेल्या बाईनं हात वर केला, पंजा माझ्याकडं करून. मी जागीच थांबलो. त्या हातात असं काही होतं की एक्स्प्रेससुद्धा थांबली असती. मग त्या उठून आल्या आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "डोळा लागलाय त्यांचा. बसा हितं."

मी तासभर बसलो आणि बघत राहिलो. भाजीवाला ओरडत आला, हात वर झाला, ओरडणं थांबलं. दोन घरं पुढं गेल्यावर त्यानं पुन्हा सुरुवात केली. कचऱ्याची घंटागाडी गाणं लावून आली, गल्लीच्या तोंडाशीच ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. काकू कुकर लावत नसत, शिट्टी होते म्हणून. डाळ पातेल्यात शिजायची. त्यांची पोरं लहानपणी मुक्यानं भांडायला शिकली होती. लग्न झाल्यापासून पाळ्या बदलत गेल्या, स्टेशनं बदलत गेली, हा हात तेवढा कायम.

"त्यांची झोप झाली पायजे," काकू म्हणाल्या. "न्हायतर तितं गाड्या असत्यात."

मी विचारलं, तुम्ही स्टेशन पाहिलंय का? त्या म्हणाल्या, "म्या कवा बघायचं? ते तितं असले की मी निजत न्हाय, आन् ते हितं निजले की मी हलत न्हाय."

मास्तरांना याची जाणीव होती की नव्हती, ते त्या चेहऱ्यावरून सांगणं अवघड. पण रिटायर व्हायला वर्षभर असताना ते एकदा आपणहून बोलले, आणि ते आपणहून फार बोलायचे नाहीत. "शेवटची गाडी तिच्यासमोर पास करायची हाय. एकदा बघू दे तिला, मी काय करत होतो ते." पुढं दर महिन्याला ते एकदा तरी म्हणायचे. दुसरी काही इच्छा मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही. निरोप समारंभ नको, हार नको, घड्याळ नको. दुपारची एक्स्प्रेस आमच्याकडं न थांबता जोरात जाते, ती पास करायची आणि काकू बाकावर बसलेल्या असायच्या. गावडेनं त्यासाठी बाक रंगवला. वाळायला आठ दिवस लागतील म्हणून पंधरा दिवस आधीच रंगवला.

तो दिवस आला. सणसरहून टेंपो भरून भावकी आली. पुढं मास्तरांचे थोरले भाऊ, त्यांना सगळे आबा म्हणायचे, हातात फेट्याचं कापड. काकू नव्या लुगड्यात येऊन माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसल्या, मांडीवर डब्याची पिशवी. मी चहा विचारला तर नको म्हणाल्या. डोळे लाल दिसत होते. मला वाटलं, प्रवासाचं असेल. लाल डोळे बघून असं वाटणारा मी पहिला नव्हतो.

आम्ही एक गंमत ठरवली होती. इतकी वर्षं मास्तरांनी सगळ्यांना विचारलं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कोण? म्हणून ठरलं की आज ते चार्ज घ्यायला आले की सुनंदानं फाटकावरून फोन करायचा. पांडेंची सकाळची पाळी संपत होती, ते पेन हातात धरून हसू दाबत उभे होते. गावडे दारात. मास्तर खुर्चीकडं वळले आणि फोन वाजला. पांडेंनी स्पीकर चालू केला.

"मास्तर, आज मी इचारणार," सुनंदा म्हणाली. "जेवला का?"

गावडे हसला. भावकीतले चारजण खिडकीशी गोळा झाले होते, तेही हसले. मास्तर हसले नाहीत, पण त्याचं काही विशेष नव्हतं.

"न्हाय," ते म्हणाले.

"झोपला का?"

मास्तर फोनकडं बघत राहिले. "न्हाय."

आता कुणी हसत नव्हतं. सुनंदाचा आवाज उतरला. तिला थांबता आलं असतं, पण दोनच प्रश्न विचारून सोडायचं नाही हे तिला मास्तरांनीच शिकवलं होतं.

"भांडून आलाय का?"

मास्तरांनी खिडकीतून बाकाकडं पाहिलं. "व्हय," म्हणाले.

पांडे गडबडले. "मास्तरजी, ही तर मजाक होती."

"इचारलेलं मजाक नसतंय, पांडे." मास्तरांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं होतं, ते उचलून परत खिशाला लावलं. "मी आज चार्ज घेत न्हाय. रेस्ट देणाऱ्या बदली मास्तराला फोन करा."

आबा आत आले. "ज्ञाना, येडा हायस का? एवढी माणसं आणलीत म्या. झेंडाच तर दाखवायचाय. झोपंत बी दाखवशील तू."

"झेंडा झोपंत दाखवता येतोय आबा. गाडी बघावी लागती. चाकातनं धूर येतोय का, खाली काय लोंबतंय का. हजार माणसं असत्यात तिच्यात."

मी मध्ये पडलो. त्या एका गाडीसाठी हा माणूस वर्षभर थांबला होता हे मला माहीत होतं आणि मला ते बघवत नव्हतं. मी म्हटलं, "मास्तर, एकच गाडी आहे. कुणाला कळणार आहे?"

ते माझ्याकडं वळले. रागानं नाही. "तिनं इचारलं ना आता. मला म्हाईत झालं."

मला पेरूची फोड आठवली.

पांडे म्हणाले, "मी थांबतो मास्तरजी. मी जेवला. मी झोपला. माझी तर बायकोच नाही." मास्तरांनी मान हलवली, भिंतीवरचा हिरवा झेंडा काढला, त्याची घडी सरळ केली आणि पांडेंच्या हातात दिला. मग बाहेर येऊन बाकापाशी उभे राहिले.

आबांनी काकूंना घडलेलं सांगितलं. सांगताना आवाज चढलेला होता. काकूंनी ऐकून घेतलं आणि मास्तरांना विचारलं, "माझ्यापायी झालं व्हय?"

"न्हाय."

"माझ्यापायीच झालं," काकू आम्हा सगळ्यांकडं बघून म्हणाल्या. "काल रात्री इस्त्री करता करता बोलून गेले मी. म्हणलं, दुनियेला इचारत आला तुमी, जेवलास का, झोपलास का. मला कवा इचारलं का? तर हे काय बोललं न्हाईत. मग पहाटंपातूर मीच बोलत हुते."

आबा फेट्याचं कापड एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले आणि मग टेंपोकडं गेले. भावकीही त्यांच्यामागं पांगली.

फाटक पडल्याचा फोन आला. तिकडं ट्रॅक्टर थांबले. पांडे प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहिले, पलीकडच्या बाजूला गावडे. मास्तर अजून बाकाशी उभेच होते. गाडी लांबून दिसली तसा त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. हातात काही नव्हतं. त्यांनी तो खाली घेतला आणि काकूंच्या शेजारी बसले.

गाडी आली आणि गेली. धुरळा, कागदाचे कपटे, लुगड्याचा पदर सगळं उडालं. मास्तर पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत चाकंच बघत होते. काकू आधी गाडीकडं बघत होत्या, मग मास्तरांकडं बघायला लागल्या.

"एवढंच असतं व्हय?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

थोडा वेळ दोघं रुळाकडं बघत बसले. मग मास्तरांनी, तिकडं बघतच, विचारलं,

"जेवलीस का?"

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. "न्हाय."

"झोपलीस का?"

"तुमी जागं. मी कशी निजंन?"

"भांडून आलीयस का?"

"व्हय," काकू म्हणाल्या. "तुमच्यासंगंच."

मास्तरांनी मान हलवली. नियम सगळ्यांना सारखाच. "मग तुलाबी आज सुट्टी," ते म्हणाले.

काकूंनी डबा उघडला. दोघांनी त्या रंगवलेल्या बाकावर बसून भाकरी खाल्ली. मला एक गिऱ्हाईक आलं, कुर्डुवाडीचं तिकीट मागत होतं. ते देऊन मी पुन्हा वर पाहिलं तर काकूंचं डोकं मागं भिंतीला टेकलेलं होतं आणि तोंड किंचित उघडं. डोळा लागला होता. तोपर्यंत तिकडं टेंपोवाल्याला घाई झाली आणि तो हॉर्नवर हॉर्न मारायला लागला.

मास्तरांनी मान वळवली नाही. त्यांनी नुसता हात वर केला, पंजा टेंपोकडं करून. हॉर्न थांबला. हात बराच वेळ तसाच वर होता.